एमजीबी जीटी (१९७१): मागून ठक्-ठक् आवाज, शॉकअप बदलूनही तसाच

कॉव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये असतो. गाडी १९७१ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी, तारांची चाकं. मूळच्या लिव्हरवाल्या शॉकअपवरच आहे, टेलिस्कोपिक (नळीसारखे) बसवलेले नाहीत.

खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून गेलं की मागे उजवीकडून ठक् असा आवाज येतो. गुळगुळीत रस्त्यावर काही नाही. पण क्लच सोडून गाडी निघताना किंवा रिव्हर्स टाकताना कधीकधी 'टण्' होतं. इथल्या एका गॅरेजवाल्याने बघितल्या बघितल्या शॉकअप गेलेत म्हणून सांगितलं. दोन्ही रिकंडिशन करून बसवले, भरपूर पैसे गेले, आवाज जिथल्या तिथे. आता तो म्हणतोय डिफरन्शियल (मागच्या एक्सलमधला गिअरचा डबा) उघडू. उघडू द्यावं का?

मिनी_माउली

आधी डिकी रिकामी करा. जॅक, पाने, स्टेपनी सगळं बाहेर काढून एक चक्कर मारा. आणि तुमच्या मॉडेलला सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात ना, सीटच्या मागे जमिनीखाली? त्यांचे क्लॅम्प ढिले असले की खड्ड्यात त्याच आदळतात आणि आवाज अगदी एक्सलमधून आल्यासारखा वाटतो.

पाटावरवंटा

डिफरन्शियल अजिबात उघडू देऊ नका. निदान आज तरी.

मी पुण्यातला. अर्धं आयुष्य अँबेसेडरखाली झोपून काढलंय. तुमच्या गाडीचं इंजिन आणि अँबीचं जुनं १४८९ सीसी एकाच बी-सिरीजचं, आणि मागे दोघींनाही अखंड एक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). त्यामुळे एमजीबीखाली दोनचारदाच गेलो असलो तरी परकं काही वाटलं नाही.

तुम्ही एक आवाज म्हणताय, पण लिहिलेत दोन. खड्ड्यातला 'ठक्' वेगळा आणि निघतानाचा 'टण्' वेगळा. पहिला वर-खाली हलणाऱ्या वस्तूंचा, दुसरा फिरणाऱ्या वस्तूंचा. दोन्हींना मिळून एकच औषध शोधाल तर गॅरेजवाल्याचं घर बांधून होईल.

आधी 'टण्' घेऊ, तो सोपा आहे. पुढच्या चाकांना ओट लावा. मागचं उजवं चाक उचला, एक्सलखाली घोडी द्या, हँडब्रेक कचकचून ओढा. आता चाक दोन्ही हातांनी धरून फिरण्याच्या दिशेने मागे-पुढे झटके द्या. ड्रम जागचा हलत नाही आणि चाक मात्र थोडं फिरतंय, असं दिसलं तर हबचे (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा चाकाचे दाते गेले. तारांच्या चाकाला नटबोल्ट नसतात, सगळा जोर त्या दात्यांवर. मागच्या चाकांना ओढही सोसायची आणि ब्रेकही, म्हणून मागचेच आधी झिजतात. चाक काढून बघा. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो, झिजलेला करवतीसारखा टोकदार होतो. अजून शंका राहिलीच तर पुढचं चाक मागे लावून एक चक्कर मारा. चाकाचे दाते झिजले असतील तर आवाज लगेच कमी होईल. तरीही तसाच राहिला तर हबकडे बघा.

दाते ठीक निघाले तरच प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, बघायचे. शाफ्ट हाताने धरून पिळायचा आणि क्रॉसच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी हालचाल होतेय का पाहायचं. डिफरन्शियलमध्ये थोडा प्ले (सैलपणा) असतोच, तो बघून घाबरू नका. आतले थ्रस्ट वॉशर झिजले की टण् वाढतो हे खरं, पण तो नंबर शेवटचा.

आता 'ठक्'. हा शोधताना लोक गाडी जॅकवर चढवतात, एक्सल लोंबकळतो, जोडांतल्या रबरी बुशवरचा भार जातो आणि सगळं ठणठणीत दिसतं. गाडी चारही चाकांवर उभी हवी. गाडीखाली उभं राहायला गॅरेजातला खड्डा किंवा रॅम्प मिळाला तर बघा. एकाने मागचा बंपर दाबून गाडी हलवायची, दुसऱ्याने खाली एकेका जोडावर हात ठेवायचा. पाट्याचा पुढचा डोळा (टोकाची गोल वळी), मागचं शॅकल (पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणारी कडी), शॉकअपच्या दांडीपासून पाट्याखालच्या प्लेटपर्यंतची लिंक, आणि एक्सल पाट्याला बांधणारे यू-बोल्ट. ठोका कुठे आहे ते हाताला कळतं, कानाला नाही. खालून आवाज सगळीकडून आल्यासारखाच वाटतो.

आणि लाल भुकटी शोधा. लोखंडावर लोखंड घासत राहिलं की जोडाभोवती बारीक तांबूस पूड जमते. घट्ट जोडाला ती कधीच नसते.

एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये रबराचे पॅड असतात. ते पिचले की यू-बोल्ट आपोआप ढिले पडतात. एक्सल खाली जास्त जाऊ नये म्हणून रबरी-कापडी पट्टे असतात, तेही बघा. तुटला असेल तर खड्ड्यातून बाहेर येताना ठक् होणारच.

कॉव्हेंट्रीकर

काका, अगदी मनापासून आभार. शनिवारी मुलाला बंपर दाबायला लावलं.

डिकी आणि बॅटऱ्या निर्दोष. पट्टे शाबूत. पण उजव्या बाजूच्या खालच्या प्लेटभोवती तुम्ही म्हणता तशी तांबूस पूड होती, आणि दाबताना प्लेट हलतेय हे हाताला स्पष्ट कळलं. पॅड चपटा होऊन बाहेर आलाय. यू-बोल्टचे नट पान्याने सहज फिरले.

चाकाचंही तुमचं बरोबर निघालं. ड्रम स्थिर, चाक हलतंय. दाते टोकदार.

इथे चाळीस वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना मोठे बदल केलेले नसले तर २०१८पासून एमओटीची (दरवर्षीच्या गाडी-तपासणीची) सक्ती नाही. कोणी तपासनीस दरवर्षी खाली वाकून बघत नाही, आणि आपण बॉनेट पुसत बसतो.

प्रश्न असा की, फक्त चाक नवं घेतलं तर चालेल का? हबला हात लावायची इच्छा नाही.

पाटावरवंटा

नाही चालणार. झिजलेल्या हबवर नवं चाक चढवलं तर नव्याचेही दाते लवकर जातील. हब आणि चाक जोडीनेच घ्या, आणि हब घेताना डावा-उजवा नीट बघून घ्या. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. अदलाबदल झाली तर चालत्या गाडीत स्पिनर (चाक धरून ठेवणारा मधला मोठा नट) सैल होईल. बसवताना दात्यांना ग्रीस लावा, स्पिनरवर तांब्याची किंवा कातडी हातोडी वापरा. लोखंडी हातोड्याने ठोकणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नका.

पॅड दोन्ही बाजूंचे बदला, यू-बोल्टही नवेच घाला. पाटा उतरवलाच आहे तर सेंटर बोल्ट तुटलेला नाही ना आणि मेन पाट्याला डोळ्याजवळ चीर नाही ना, तेही पाहून घ्या.

मिनी_माउली

मग शॉकअपचे पैसे वायाच गेले म्हणायचे?

पाटावरवंटा

वाया कशाला, तेल गळत असतील तर कधी ना कधी करायचेच होते. पण आवाजासाठी आधी दहा मिनिटांची परीक्षा करायला हवी होती. शॉकअपची लिंक खालून सोडायची, दांडी वर बांधून ठेवायची आणि मोकळ्या गल्लीत पायी चालण्याच्या वेगाने जायचं. आवाज तरीही आला तर शॉकअप निर्दोष. त्या गॅरेजवाल्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

कॉव्हेंट्रीकर, पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा बोल्ट गाडी घोडीवर असताना पूर्ण आवळू नका. तो बुश रबर आणि लोखंड एकत्र चिकटवलेला असतो, लोंबकळत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चारही चाकं जमिनीवर आली, एकदा गाडी वर-खाली हलवली, की मग शेवटचा आवळा. यू-बोल्ट शेदोनशे मैलांनी परत तपासा, नवे पॅड थोडे बसतात.