इंग्लंडमध्ये जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवताना पत्त्याचा पुरावा मागतात. काय करायचं?

प्रश्न : नवा_लेस्टरकर
बायको गेल्या महिन्यात डिपेंडंट व्हिसावर आली. वर्षाला १,०३५ पौंडांप्रमाणे हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबत भरायची सरकारी आरोग्यसेवेची फी) भरलाय. भाडेकरार माझ्या नावावर, म्हणून जीपीच्या रिसेप्शनवर "तिच्या नावाचं बिल आणा" सांगून परत पाठवलं. तिला गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे. बाळंतपणाला आई व्हिजिटर व्हिसावर येईल, तिला शुगर-बीपी आहे. तिचं काय?

उत्तर : खिडकी_क्र_३
पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट, व्हिसा यांतलं काहीही नसलं तरी नाव नोंदवता येतं. एनएचएस इंग्लंडचंच (सरकारी आरोग्यसेवेचंच) तसं सांगणं आहे, काउंटरपर्यंत ते पोचत नाही एवढंच. ऑनलाइन अर्ज करा, नाहीतर पीआरएफ-१ हा कागदी फॉर्म भरून द्या. वाद घालत बसू नका, "नकार लेखी द्या" एवढंच म्हणा. १४ दिवसांत लेखी कारण देणं त्यांना बंधनकारक आहे. तुम्ही त्यांच्या हद्दीबाहेर राहत असाल किंवा त्यांची यादीच बंद असेल (नवे पेशंट घेत नसतील), तर मात्र दुसरी सर्जरी, म्हणजे जीपीचा दवाखाना, शोधा.

उत्तर : सुईणबाई
जीपीसाठी अडून राहू नका. हॉस्पिटलच्या मॅटर्निटी विभागाच्या वेबसाइटवर सेल्फ-रेफरल फॉर्म असतो, तो आजच भरा. मिडवाइफची (प्रशिक्षित सुईणीची) पहिली भेट, म्हणजे 'बुकिंग', दहाव्या आठवड्यापर्यंत झालेली बरी. शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू गोळ्यांचे डोस हाताशी ठेवा. मराठी दुभाषी हवा तर फॉर्ममध्येच लिहा, पैसे पडत नाहीत. ऐनवेळी मागितला तर मिळेलच असं नाही. आणि हो, घरी त्रास आहे का हे मिडवाइफ बायकोला एकटीला विचारतात, तेव्हा तुम्हाला बाहेर बसवतील. मनावर घेऊ नका. औषधं मोफत मिळण्याचं मॅटर्निटी प्रमाणपत्रही मिडवाइफकडून मागून घ्या.

उत्तर : खिडकी_क्र_३
आईंचं. जीपीची तपासणी त्यांनाही फुकट आहे, अडतं ते पुढे. हॉस्पिटलचं बिल व्हिजिटरला दीडपट दराने लागतं. इमर्जन्सी विभागातले उपचार फुकट, पण वॉर्डात भरती केलं की मीटर सुरू. ५०० पौंड किंवा जास्त रक्कम दोन महिने थकली तर होम ऑफिसला (व्हिसा देणाऱ्या खात्याला) कळवतात आणि पुढचा व्हिसा अडकू शकतो. म्हणून विमा घ्याच, आणि त्यात शुगर-बीपी धरलंय का ते पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.
भारतातली चिठ्ठी इथल्या केमिस्टकडे चालत नाही. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या मूळ पाकिटात आणा आणि डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहून घ्या. ग्लायकोमेट म्हटलं तर इथे कोणाला कळणार नाही, मेटफॉर्मिन म्हटलं की लगेच कळतं.