२०० ची बीआरएम झाली, आता इटलीची मारातोना डोक्यात आहे. गाइडेड टूर घ्यावी की स्वतःचं स्वतः जावं?

पामबीच_रविवार (नेरूळ):
नमस्कार मंडळी. वय ४६, चार वर्षं रोडबाइक चालवतोय. रविवारी पहाटे पाम बीचवर दोन-तीन फेऱ्या, महिन्यातून एकदा खोपोली, आणि डिसेंबरात पहिली २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची २०० किमीची लांब पल्ल्याची राइड) साडेअकरा तासांत संपवली त्यामुळे सध्या डोकं जरा हवेत आहे. तर किडा शिरलाय तो इटलीतल्या डोलोमाइट्समधल्या मारातोनाचा. जुलैच्या पहिल्या रविवारी असते, १३८ किमी, सात घाट, रस्ते गाड्यांना बंद. मी म्हटलं २०० केलेत तर १३८ मध्ये काय एवढं, तर ग्रुपमधले दोघं-तिघं नुसते हसले आणि कारण कोणी नीट सांगेना.

आता प्रश्न असा की टूर कंपनीकडून आठवड्याचं पॅकेज घ्यावं, ज्यात एंट्री, हॉटेल, गाइड सगळं येतं, का स्वतः अर्ज करून जावं? सायकल इथून न्यायची का तिकडे भाड्याने? आणि सौ. सायकल चालवत नाही, ती म्हणते मी काही हॉटेलात तुझे घामट कपडे वाळत घालत बसणार नाही. वर दोघंही शाकाहारी. कोणी गेलं असेल तर खरं खरं सांगा, उगाच चढवू नका.

कासारवडवली_चढ:
दादा, हसणाऱ्यांचं चुकलं पण हसण्याचं कारण बरोबर होतं 😀 मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. तुम्ही फक्त १३८ वाचलंत, त्याच्या शेजारचा आकडा वाचा, ४२३० मीटर चढ. तुमच्या बीआरएमच्या २०० किमीत किती चढ होता ते स्ट्रावा अ‍ॅपवर बघा, आपल्याकडच्या सपाट रूटवर हजाराच्या पुढे जायची मारामार असते. म्हणजे तिथे जेमतेम सत्तर टक्के अंतरात चौपट चढ, आणि तोही आपल्या येऊरसारखा नाही की दम लागेपर्यंत संपला. पोर्दोई घाट अराब्बा गावापासून सव्वानऊ किमी, ३३ वळणं, सरासरी सात टक्के, आणि हा त्यातला प्रेमळ घाट. जियाऊ जवळपास १० किमी, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, ९२० मीटर उभी चढण, आणि तो येतो कधी तर पाच घाट पायात उतरल्यावर.

जरा हिशोब मांडतो, इंजिनियर माणूस आहे, सवय जात नाही. पुढे ३४ मागे ३४ दातांचा गियर असेल आणि मिनिटाला ६० पेडल मारलेत तर वेग येतो ताशी साडेसात किमी. म्हणजे जियाऊला तुम्ही एक तास वीस मिनिटं न थांबता पेडल मारताय. तुमचं वजन ७५ धरलं तर त्यासाठी चाकावर पावणेदोनशे वॅटच्या आसपास लागतात, सलग. आणि आपल्याकडे बहुतेक जणांच्या सायकलला असते तशी ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, सगळ्यात मोठी २८ दातांची) असेल तर त्याच वेगाला पेडल मिनिटाला पन्नासच्याही खाली जातात, मग गुडघे बोलायला लागतात. त्यात २२०० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपट, आणि आपण ठाणे-नवी मुंबईवाले आयुष्यभर खाडीकाठी राहिलेले लोक.

म्हणून पहिलं काम, व्हिसाच्या आधी, नेरळला जा. नेरळ ते माथेरानचा दस्तुरी नाका, सात-आठ किमीत सातशे मीटरच्या आसपास चढ, जियाऊचा चुलतभाऊच समजा. पाय न टेकवता वर जायचं, खाली यायचं, परत वर. दुसऱ्यांदाही पाय टेकला नाही तर लांबचा रूट डोक्यात आणा. सकाळी सहाच्या आत उरका, नंतर टॅक्सीवाल्या ओम्नी वळणावर अंगावर येतात.

सानपाडा_सॅडल:
एवढं घाबरवू नका हो माणसाला. लाखो रुपये घालून इटलीला जायचं आणि छोटा रूट करून यायचं? त्यापेक्षा महाबळेश्वर काय वाईट. गेलात तर लांबचाच करा, होतं सगळं.

कासारवडवली_चढ:
@सानपाडा_सॅडल मी पण हेच म्हणत गेलो होतो म्हणून तर लिहितोय. तिथे गंमत अशी की तीन रूट आहेत, ५५, १०६ आणि १३८ किमीचा, आणि कुठला करायचा ते तुम्ही त्या दिवशी रस्त्यावरच ठरवता. साडेसहाला ला व्हिला गावातून हजारो जण सुटतात, कॅम्पोलोंगो, पोर्दोई, सेल्ला, गार्देना हे चार घाट सगळ्यांना सारखे. गोल फिरून कोर्वारा गावात आलात की ५५ वाल्यांचं संपलं. बाकीचे कॅम्पोलोंगो परत चढतात आणि मग पुढे फाटा येतो, एका बाजूला जियाऊ, दुसऱ्या बाजूला थेट फाल्झारेगो. मी त्या फाट्यापर्यंत छाती काढून आलो, पाण्याची बाटली काढायला गेलो तर मांडीत असा गोळा आला की समोरचा स्वयंसेवक घाबरला. गपचूप फाल्झारेगोकडे वळलो. १०६ किमी, ३१३० मीटर. तरी शेवटी ला व्हिलात मांजराची भिंत म्हणून एक चढ ठेवलाय, जेमतेम तीनशे-चारशे मीटर, पण १९ टक्क्यांपर्यंत जातो, दोन्ही बाजूला लोक उभे राहून ओरडतात त्यामुळे उतरून ढकलायची पण लाज वाटते. मी उतरलो. लाज वाटली.

आणि चढापेक्षा उताराचं बोला कोणीतरी. आपल्याला उतार उतरता येत नाही, खरं सांगतो. आपण घाटात उतरतो ते ट्रकच्या भीतीने ब्रेक धरून धरून. तिथे सलग दहा किमी उतार, रस्ता बंद असल्यामुळे मागून लोक साठ-सत्तरच्या वेगाने जातात, ब्रेक धरून ठेवलात की बोटं आखडतात आणि वळणावर नेमकं हवं तेव्हा दाबायला जोर राहत नाही. वळणाआधी जोरात दाबायचं आणि वळणात सोडायचं, हे इथेच शिकून जा. थंडी वेगळी. सुटताना आठ डिग्री होतं, वर घाम आणि खाली वारा, विंडचीटर नसेल तर दात वाजतात.

उपवन_ताई:
मी स्पर्धा केलेली नाही, गाइडेड आठवडा केलाय, त्यामुळे त्या बाजूचं सांगते. आम्ही दोघं गेलो होतो, मी सायकलवाली, हे चालणारे. कोर्वारातच एका हॉटेलात सात रात्री, रोज वेगवेगळा घाट करून संध्याकाळी परत तिथेच. दुसरा प्रकार असतो रोज नवीन गावी मुक्काम, सामान व्हॅनमधून पुढे जातं. त्यात प्रदेश जास्त बघून होतो पण रोज बॅग भरा आणि रोज ओले कपडे कोंबा. भाऊ, तुमची सौ. बरोबर असेल तर एकाच गावात तळ ठोका. कोर्वारातून केबल कारने वर जाता येतं, पायवाटा आहेत, आणि ई-बाइक भाड्याने मिळते. आमचे हे तिसऱ्या दिवशी ई-बाइक घेऊन पोर्दोईवर माझ्या आधी पोचले आणि कॉफी पीत बसलेले सापडले, अजून ऐकवतात.

गाइडचा उपयोग काय तर रस्ता दाखवायला नाही, रस्ते सोपेच आहेत. पहिल्या दिवशी तो सगळ्यांना एका छोट्या चढावर नेतो आणि कोण कसं चालवतं ते बघून तीन गट पाडतो, त्यामुळे कोणामागे धापा टाकत पळावं लागत नाही. मागे व्हॅन असते, त्यात जाकीट, पाणी, जास्तीची चाकं. दुपारी तिकडे ढग जमून विजा चमकायला लागल्या की तो निमूट सगळ्यांना खाली आणतो, आपण एकटे असतो तर अजून एक घाट म्हणून वर गेलो असतो.

भाड्याच्या सायकलबद्दल एक महत्त्वाचं. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, तिकडे तो बहुतेकदा डाव्या हाताला असतो. मी पहिल्याच सकाळी हॉटेलसमोर सवयीने डावा दाबला आणि मागचं चाक उचललं गेलं, नशीब वेग नव्हता. वर रस्त्याची बाजूही उजवी. आधी पार्किंगमध्ये अर्धा तास गोल गोल फिरा, लोक बघतात तर बघू दे. सॅडल आणि पेडल मात्र आपलं घेऊन जा.

खाण्याचं, पास्ता, पोलेंटा, बटाटा, चीज यावर निभतं. पावाचे मोठे गोळे करतात कानेदेर्ली म्हणून, त्यात बरेचदा डुकराचं मांस असतं, पालकाचे किंवा चीजचे मागायचे. मी राजगिऱ्याच्या चिक्क्या आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते, आमच्या गटातल्या एका जर्मन आजोबांनी शेवटच्या दिवशी पत्ता मागितला लाडवांसाठी.

आणि गर्दी नको असेल तर सेल्लारोंदा बाइक डे बघा. तेच चार घाट, रस्ते गाड्यांना बंद, पण स्पर्धा नाही, वेळ लावत नाहीत, फी नाही. साधारण जूनमध्ये आणि सप्टेंबरात असतो.

पामबीच_रविवार:
ताई हे फारच उपयोगी, सौ. ला वाचून दाखवलं, ई-बाइकचं ऐकून ती माझ्यापेक्षा जास्त तयार झाली 😅 सप्टेंबर म्हणजे गणपतीच्या आसपास येणार, घरी गौरी असतात, त्यामुळे जूनच. पण खरं सांगू का, ते हजारो लोकांबरोबर पहाटे सुटण्याचं खूळ जात नाहीये. एंट्री मिळणं किती अवघड आहे?

कासारवडवली_चढ:
लॉटरी आहे. साधारण आठ हजार जणांना घेतात आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. पहिल्या वेळी माझा नंबर लागला नाही. टूर कंपन्यांकडे काही एंट्र्या असतात, त्या हॉटेलसकट विकतात म्हणून महाग पडतात, पण लॉटरीची वाट बघत तिकिटं लटकवून ठेवण्यापेक्षा बरं. म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, पहिल्यांदा जाताय तर कंपनीकडूनच जा, आणि डोक्यात ५५ वाला रूट ठेवा. त्यातही १७८० मीटर चढ आहे, कोणी फुकट देत नाही.

डॉक्टरच्या सर्टिफिकेटचं आत्ताच बघून ठेवा. इटलीत स्पर्धात्मक सायकलिंगला फिट आहे असं लेखी लागतं. आमच्या इथल्या डॉक्टरांनी मला फिट फॉर ट्रॅव्हल लिहून दिलं, मी न वाचताच अपलोड केलं, परत आलं, मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन ट्रेडमिलवर ईसीजी आणि नवीन सर्टिफिकेट, हे सगळं एंट्रीचे कागद द्यायच्या शेवटच्या दोन दिवसांत. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची बोंब असते तेव्हा लवकर करा, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच.

आणि आपला कॅलेंडरचा घोळ लक्षात घ्या. स्पर्धा जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे शेवटचे तीन-चार आठवडे आपल्याकडे पाऊस आणि घोडबंदरचे खड्डे. खरी मेहनत एप्रिल-मेच्या उकाड्यात, पहाटे चारला उठून. जूनमध्ये मी घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) लावला तर खालचे काका दोनदा वर आले, त्यांना वाटलं आम्ही पीठ गिरणी घेतली. जाड रबरी मॅट घ्या आधी.

सानपाडा_सॅडल:
बरं बाबा छोटा रूट तर छोटा रूट. पण नेरळला मला पण यायचंय, मी अजून दस्तुरीपर्यंत न थांबता गेलेलो नाही, इथे पहिल्यांदा कबूल करतो.

पामबीच_रविवार:
😂😂 शनिवारी पहाटे पावणेपाचला नेरूळ स्टेशनच्या पूर्वेला. सायकल गाडीवर टाकून नेरळपर्यंत जाऊ, माझ्या कॅरियरवर दोन मावतात. कॅसेट आजच मोजली, २८ च निघाली.

उपवन_ताई:
मी ठाण्याहून थेट नेरळला येते. ३४ ची जुनी कॅसेट पडून आहे माझ्याकडे, आणते, पण डिरेलर (मागची चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा आहे का ते आधी बघून सांगा नाहीतर बसायची नाही.