मदत हवी आहे : वजने उचलण्याचा व्यायाम सुरू केल्यापासून येणारा थकवा नेमका कशाचा?

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहते. वय 46, वजन 61 किलो. माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर तिला तपासायला आलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी जाता जाता मलाच सांगितले, की केवळ चालण्यावर भागवू नका, हाडांवर आणि स्नायूंवर भार येईल असा व्यायाम आतापासून करा, कारण पाळी जाण्याच्या सुमारास हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. आईला भिंतीचा आधार घेत चालताना रोज पाहत असल्यामुळे हा सल्ला मनावर घ्यायला वेगळ्या कारणाची गरज नव्हती. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आटोपली, शाळेतील सराव परीक्षा संपल्या आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मी घराजवळच्या जिममध्ये नाव नोंदवले.

तेथील प्रशिक्षक माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाचा आहे आणि मनापासून शिकवतो. आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, असा क्रम त्याने आखून दिला. स्क्वॉट, लेग प्रेस, छातीचे आणि पाठीचे व्यायाम, प्रत्येकाचे चार सेट, आणि शक्य असेल तर दर आठवड्याला वजनात थोडी वाढ. पहिल्या पंधरवड्यात मांड्या इतक्या दुखत, की शाळेचा जिना मी कठडा धरून, आडवी पावले टाकत उतरत असे. चढताना एवढे दुखत नसे, उतरतानाच दुखे, याचे मला नवल वाटले. ती दुखणी आता राहिलेली नाहीत. त्यांच्याविषयी माझी तक्रारही नाही.

तक्रार वेगळी आहे. स्नायूंचे दुखणे थांबले, वजनेही वाढली, मात्र मार्चच्या मध्यापासून थकवा कमी होण्याऐवजी वाढत गेला. दुपारी तीनच्या सुमारास अंगातील शक्ती कोणी काढून घेतल्यासारखे वाटते. उत्तरपत्रिका तपासताना तीच ओळ तीनदा वाचावी लागते. दुसऱ्या मजल्यावरील वर्गात पोहोचेपर्यंत छाती धडधडते, आणि हे व्यायाम सुरू करण्यापूर्वी क्वचितच होत असे. प्रशिक्षकाचे म्हणणे असे, की शरीराला सवय होईपर्यंत असे होणारच, नेट सोडू नका. घरातील मंडळींचे म्हणणे, की या वयात हा खटाटोप कशाला. मला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात.

माझा दिवस सांगते, म्हणजे अंदाज येईल. उन्हाळ्यामुळे मार्चच्या मध्यापासून शाळा सकाळची झाली आहे, त्यामुळे साडेचारला उठते. चहा आणि दोन बिस्किटे. मधल्या सुट्टीत डब्यातील पोहे किंवा कडक भाकरी आणि शेंगाचटणी, त्यावर चहा. दुपारी घरी दीड भाकरी, भाजी, आमटी, आणि लगेच पुन्हा चहा. व्यायामाला जाण्यापूर्वी काही खात नाही. रात्री नऊला अर्धी भाकरी आणि कपभर दूध, कारण वजनही थोडे उतरावे अशी इच्छा आहे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडी घरात चालत नाहीत. झोपायला अकरा वाजतात, आणि ज्या रात्री नळाला पाणी येते त्या रात्री टाकी व पिंपे भरून होईपर्यंत साडेबारा. आमच्याकडे पाणी रोज येत नसल्यामुळे ती रात्र झोपेसाठी सोडूनही देता येत नाही.

हा थकवा नव्या व्यायामाचा साहजिक भाग मानून चालू ठेवावे, व्यायाम कमी करावा, की काही तपासून घ्यावे? प्रोटीन पावडरचा सल्ला मला आधीच चार जणांनी दिला आहे, त्यामुळे तेवढा सोडून बोलावे ही विनंती.

प्रतिसाद :

ताई, मी बारा वर्षे वजने उचलतो आहे आणि त्याआधी तालमीत जात होतो, त्या अनुभवावरून लिहितो. आपण एक गोष्ट ओघात लिहून पुढे गेलात, ती मला मुख्य वाटते. व्यायाम फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाला, थकवा मार्चच्या मध्यापासून वाढला, आणि शाळाही त्याच सुमारास सकाळची झाली. म्हणजे व्यायाम तोच राहिला आणि झोप साडेपाच तासांवर आली, पाण्याच्या रात्री तर चारच तास. स्नायूंची डागडुजी विश्रांतीच्या काळात होते. ती विश्रांतीच मिळत नसेल, तर पाच दिवसांचा व्यायाम म्हणजे रोज नवे कर्ज काढणे आहे.

जिना उतरताना अधिक दुखण्याचे नवल वाटायला नको. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलतो, आणि अशाच कामाने त्याच्या तंतूंना सर्वाधिक सूक्ष्म इजा होते. ते दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते आणि स्नायू सरावले की ओसरते. तुमचे ओसरले, म्हणजे स्नायूंनी आपले काम केले.

व्यायाम बंद करू नका, पण पाचाचे तीन दिवस करा, मध्ये एकेक दिवस मोकळा ठेवा. चाराऐवजी दोन सेट पुरेत. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवा, की आणखी दोन-तीन आवर्तने करता आली असती असे वाटेल. सुरुवातीच्या आठवड्यांत वजन भरभर वाढते, ते मुख्यतः मज्जासंस्था ती हालचाल शिकते म्हणून. स्नायू एवढ्या लवकर वाढत नाहीत. त्यामुळे दर आठवड्याला वजन वाढलेच पाहिजे, हा हट्ट प्रशिक्षकानेही सोडावा.

आहाराचा हिशेब मी मांडून पाहिला. दोन भाकऱ्यांतून सुमारे 12 ग्रॅम प्रथिने, चटणीतून पाच-सहा, आमटीतून तेवढीच, दुधातून सहा. पोह्यांचे थोडे धरले तरी चाळिशी गाठणे कठीण. वजने उचलणाऱ्या व्यक्तीला शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुम्हाला किमान 73. पावडरीचे नाव काढत नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे, वाटीभर घट्ट दही, एक वेळ सोयावडीची भाजी, यांतूनही बरीच भर पडेल. आणि संध्याकाळी रिकाम्या पोटी जाऊ नका. तासभर आधी एक केळे खाल्ले तरी फरक जाणवेल.

प्रतिसाद :

वरील सल्ला योग्य आहे, पण मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझी नजर छातीच्या धडधडीवर थांबली. दुसरा मजला चढताना धडधडणे हे झोपेच्या तुटीवर टाकून मोकळे होऊ नये. ताई, विचारताना संकोच वाटतो, तरी विचारते : गेल्या वर्षभरात पाळीच्या वेळी रक्तस्राव वाढला आहे का? चाळिशीच्या उत्तरार्धात हे बऱ्याच जणींच्या बाबतीत होते आणि त्यातून लोह कमी होत जाते. बैठ्या दिनक्रमात ते लक्षातही येत नाही; शरीराकडून जास्त काम मागितले की उघडे पडते. असे असेल तर व्यायामाने थकवा निर्माण केला नाही, आधीच असलेला दाखवून दिला.

डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, थायरॉइड आणि साखर एवढे तपासून घ्या. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय मानतात. परंतु ते 12 च्या वर असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो, म्हणून दोन्ही पाहावीत. शाकाहारी व्यक्तींमध्ये बी-12 कमी असणेही नवे नाही. दुसरे असे, की आपला चहा दोन्ही वेळा जेवणखाणाला चिकटून आहे. चहातील घटक धान्य-डाळींतील लोह शोषले जाऊ देत नाहीत, त्यामुळे चहा तासाभराने घ्या आणि आमटीवर लिंबू पिळा. तपासणीआधी मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

आणि हे सर्वांसाठीच लिहिते : जड व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, स्नायू सुजून टणक झाले, किंवा छातीत दुखले, तर धाग्यावर विचारत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

प्रतिसाद :

एप्रिलमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, हे कोणी लिहिलेच नाही. जिम पत्र्याच्या छताखाली असेल, तर साडेसहालाही आत भट्टी असते. दुपारपासून पाणी पीत राहा, घाम फार येत असेल तर मीठ घातलेले ताक घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनंतर :

सर्वांचे आभार. ज्या ताईंनी संकोचाने प्रश्न विचारला, त्यांचा अंदाज बरोबर निघाला. स्राव वाढलेला होता आणि मी तो वयाचा भाग समजून कोणाला सांगितलाच नव्हता. वर दिनक्रम लिहितानाही भाकऱ्या मोजल्या, हे वगळले. हिमोग्लोबिन 10.4 आणि फेरिटिन 9 आले. थायरॉइड व साखर ठीक आहे, बी-12 अगदी काठावर. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि स्रावाच्या कारणासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफीही झाली. एक लहान गाठ आहे, सध्या तिच्यावर लक्ष ठेवायचे आहे. हिमोग्लोबिन सुधारायला काही आठवडे आणि साठा भरून निघायला त्यापुढे आणखी काही महिने लागतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यामुळे आज लगेच उत्साह वाटतो असे लिहिणे खोटे ठरेल. जिना अजून जाणवतो, दुपारची ग्लानी मात्र कमी झाली आहे, आणि त्याचे श्रेय मी गोळ्यांपेक्षा झोपेला देते, कारण आता दहाला आडवी होते.

व्यायाम थांबवलेला नाही. डॉक्टरांनी हलका ठेवण्यास सांगितले, म्हणून आठवड्यातून दोन दिवस, दोन सेट, आणि बारवरील वजन मार्चच्या आरंभी होते तेवढे. वजन उतरवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवून रात्री पूर्ण भाकरी खाते. चहाची वेळ बदलणे सर्वांत कठीण गेले. मधल्या सुट्टीत शिक्षककक्षात सगळ्यांच्या हाती कप असताना आपण तासभर थांबायचे, याला मांडीच्या व्यायामाहून अधिक नेट लागतो.

एक नियम मी स्वतः केला आहे. ज्या रात्री पाणी भरायचे असेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी जिमला जायचे नाही, मग तो वार ठरलेला असो वा नसो. प्रशिक्षकाला हे अजून पटलेले नाही. नळाच्या वेळापत्रकावर व्यायाम ठरवणारी मी पहिलीच आहे, असे तो म्हणतो.