आपलं पठार स्थिर, मग किल्लारीला भूकंप कसा झाला?

शेळगीची आई
मुलगी नववीत आहे. काल विचारत होती, "भूकंप प्लेटच्या कडेला होतात ना? मग किल्लारी?" मला काही सांगता आलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सात वर्षांची होते. रात्री विसर्जनाची मिरवणूक बघून झोपलेलो. पहाटे चारच्या सुमारास फळीवरची पितळी भांडी धडाधड खाली आली, बाबांनी आम्हाला ओढतच अंगणात आणलं. आपलं पठार स्थिर क्रेटॉनवर आहे म्हणतात, मग क्रेटॉन म्हणजेच प्लेट का? कुणीतरी नीट समजावून सांगा.

बोअरवाला, बाळे
आपल्याकडं आधी मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच गेरू. चुरा लाल आला की समजायचं, लाव्हाचा एक थर संपला. पाचशे फूट गेलो तरी पाषाणच.

निवृत्त भूगोल शिक्षक
ताई, दोन्ही वेगळे. प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा, त्यात समुद्राचा तळही येतो. भारतीय प्लेटवर हिंदी महासागराचा मोठा तुकडा आहे. क्रेटॉन म्हणजे खंडाचा जुना, घट्ट गाभा. एकाच प्लेटवर धारवाड, बस्तर, सिंहभूम, बुंदेलखंड असे कितीतरी आहेत.

बोअरवाले दादांचा पाषाण अवघा साडेसहा कोटी वर्षांचा. किल्लारीला भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर तो संपला आणि खाली अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा खडक लागला. तसा जुना खडक उघड्यावर बघायचा तर मुलीला रेल्वेनं रायचूरला न्या. वाटेत शहाबाद लागेल, आपल्या घरातली फरशी तिथलीच. पुढे ग्रॅनाइटच्या टेकड्या.

आता भूकंप. आपली प्लेट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकत हिमालयाशी भिडते. तो दाब आतपर्यंत पोचतो आणि गाभ्यातली एखादी जुनी भेग कधीतरी सरकते. कडेला हे वरचेवर घडतं, आत फार क्वचित. स्थिर म्हणजे एवढंच. किल्लारीचा धक्का ६.२ चा, पण उथळ होता. आणि माणसं गेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदांखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांखाली. ते आठवलं की आजही जीव तुटतो.

शेळगीची आई
सर, माझ्या माहेरी अजून माळवदच आहे. आई-बाबा तिथंच राहतात. काय करू?

निवृत्त भूगोल शिक्षक
इंजिनिअरला दाखवा. तोवर दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकत असाल तर ती थांबवा, जुनी उतरवून वजन कमी करा. भिंतीत आरपार जाणारे दगड आहेत का तेही बघायला सांगा. नसतील तर धक्क्यात भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर सुटतात.

बोअरवाला, बाळे
ताई, गाव कुठलं? माती उतरवायला आमची पोरं घेऊन येतो.