चिठ्ठीत नाव आले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

एका सदस्यांनी लिहिले आहे की, आत्महत्या केलेल्या माणसाच्या चिठ्ठीत सावकाराचे नाव असेल तर त्या सावकाराला शिक्षा ठरलेलीच. सोलापूरच्या न्यायालयात वकिली करताना हा समज मला वारंवार आढळतो. भारतीय दंड संहितेचे कलम ३०६, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०८, आत्महत्येच्या अपप्रेरणेसाठी, म्हणजे एखाद्याला आत्महत्येस प्रवृत्त करण्यासाठी, १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते खरे. मात्र त्याआधी चिथावणी, कट किंवा हेतुपुरस्सर साहाय्य यांपैकी काहीतरी सिद्ध व्हावे लागते. २००१ मध्ये छत्तीसगढच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, परिणाम अभिप्रेत नसताना रागाच्या भरात उच्चारलेले शब्द म्हणजे चिथावणी नव्हे.

यंत्रमाग कामगाराच्या दारात उभे राहून थकलेला हप्ता मागणे, तोही चढ्या आवाजात, एवढ्याने कलम १०८ लागू होत नाही (विनापरवाना सावकारीचा गुन्हा वेगळा, त्यासाठी २०१४ चा राज्याचा कायदा आहे). पण तोच माणूस रोज रात्री चौघांना घेऊन येत असेल, बायकोमुलांदेखत अपमान करत असेल आणि ‘जगून काय करतोस’ असे पुन्हा पुन्हा सुनावत असेल, तर चित्र पालटते. अशा वेळी चिठ्ठीपेक्षा शेजाऱ्यांच्या साक्षी, फोनचे तपशील आणि शेवटच्या काही दिवसांतील घटनाक्रम निर्णायक ठरतो. विवाहितेच्या बाबतीत लग्नाला ७ वर्षे झालेली नसतील आणि नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ सिद्ध झाला, तर न्यायालय अपप्रेरणा गृहीत धरू शकते. धरलेच पाहिजे असे नाही.