‘-त्लोम्’ फक्त साधनवाचकच का?

एक दावा असा की प्राचीन केल्टिकमधला (म्हणजे आयरिश, वेल्श वगैरे भाषांच्या पूर्वज भाषेतला) ‘-त्लोम्’ हा प्रत्यय फक्त साधनं दाखवतो. त्याचा मूळ अर्थ तसाच आहे. संस्कृतातला ‘-त्र’ त्याचाच भाऊबंद. पा म्हणजे पिणे, त्यावरून पात्र. पण केल्टिकमध्ये तो क्रियेकडेही सरकला. कन् म्हणजे गाणे; त्यावरून पुनर्रचित *कन्त्लोम् (* म्हणजे लेखी पुरावा नसलेलं, तुलनेनं अंदाजलेलं रूप). त्यातून जुन्या आयरिशमध्ये ‘केदल’ आलं, वेल्शमध्ये ‘कथ्ल’. केदल म्हणजे वाद्य नव्हे, गाणं, गायन! मला याहून सुंदर वाटतं ते *स्क्वेत्लोम्: ‘सांगणे’ या धातूवरून ‘गोष्ट’. आजही आयरिश लोक गोष्टीला ‘श्केल’ म्हणतात.

शिवाय क्रियेचं नाम बनवणारा ‘-तु’ हा दुसरा प्रत्यय विसरू नका. संस्कृतात त्याचं ‘गन्तुम्’ (जायला), ‘कर्तुम्’ (करायला) अशी ‘तुमन्त’ रूपं झाली. जुन्या आयरिशमध्ये मात्र तो नामच राहिला, तिथे असं वेगळं ‘तुमन्त’ रूप नाहीच.