बाराबोर की रायफल: पावसाचाही विचार करा

‘लांबचा नेम साधतो, म्हणून संकटात रायफलच बरी’ असं काही जण म्हणतात, ते उघड्या माळाला ठीक आहे. पाटण-जावळीच्या रानात वीस-तीस पावलांपलीकडचं दिसत नाही. तिथं दुनळी बाराबोरच, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूकच कामाची. एकाच नळीतून बारीक छर्रे, एलजी (मोठे छर्रे), नाहीतर अखंड गोळी, काहीही चालतं. आणि खाली कराड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात रायफल नकोच. ३१५ बोरच्या रायफलीची गोळी हुकली तर किलोमीटरभर लांबच्या वस्तीवरही जाऊ शकते. बारीक छर्रा दोन-अडीचशे मीटरांत खाली येतो.

पण दमट हवेबद्दल कुणीच बोलत नाही. आमच्या चुलत्यांकडं पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची दुनळी होती. तिची जुनी कागदी काडतुसं आषाढात फुगायची, नळीत अर्धी जाऊन अडकायची, मग पितळी बूड नखानं ओढत बसायचं. प्लॅस्टिकचीच घ्या, तीही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. (निवडणूक लागली की बंदूक बहुतेकदा ठाण्यात जमा, तेव्हा काठीच!) आणि हो, परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नाही. रानडुकराला मारायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याची परवानगी वेगळी लागते.